केनिया-टांझानियाची जुनी गाणी हिपहॉपमध्ये घेताना

हिपहॉपचे बीट बनवणाऱ्या एका तरुणानं विचारलं आहे: सत्तरच्या दशकातली स्वाहिली गाणी ऐकून मी भारावलो आहे, त्यांचे नवे हिपहॉप अवतार कसे घडले, त्यांतले चांगले कोणते, आणि मी स्वतः अशा गाण्याला हात घालावा का? सोबत त्यानं लेस वन्यिका या बँडच्या 'सिना माकोसा' गाण्यावर बांधलेला एक बीट पाठवला आहे. जुन्या तबकड्यांवरून आवाज उतरवून घेणं आणि तो नव्या गाण्यांत बसवणं हेच माझं काम असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

हात जरूर घाला. पण तुमच्या बीटमध्ये गाण्याच्या सुरुवातीचा, गायक तोंड उघडतो तिथला तुकडा फिरत राहतो आणि खाली जड किक (ड्रमचा खोल, भारी ठोका) पडते. गाणं खरं पेट घेतं ती जागा तुम्ही वगळली आहे. बहुतेक नवे निर्माते हेच करतात, कारण आपण गाणं म्हणजे मुखडा असं धरून चालतो. पूर्व आफ्रिकेच्या बँड-संगीतात मुखडा ही प्रस्तावना असते. गायक आपलं गाऱ्हाणं मांडतो, मागचे आवाज त्याला दुजोरा देतात, आणि मग गाणं वळतं: गायन मागे सरतं आणि गिटार पुढे येतात. नैरोबीत छापलेल्या ४५ गतीच्या लहान तबकड्यांवर लांब गाणं दोन बाजूंना तोडलेलं असे. पहिल्या बाजूला कथा, दुसऱ्या बाजूला बहुतांशी वादन. नाचणाऱ्यांना ओढ दुसऱ्या बाजूची. तुम्ही गाणं इंटरनेटवरून घेतलंत तर दोन्ही बाजू जोडलेल्या मिळतात, कधी कधी दुसरी गायबच असते. आधी ती शोधा.

'सिना माकोसा'चंच उदाहरण पुढे नेते. विल्सन आणि जॉर्ज किन्योंगा हे भाऊ टांझानियातल्या टांगा या बंदराच्या शहरातले. ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नैरोबीत आले आणि त्यांचा सिंबा वन्यिका हा बँड तिथे गाजला. १९७८ मध्ये त्यातली काही माणसं फुटून निघाली आणि लेस वन्यिका तयार झाला: ऱ्हिदम गिटारवर ओमर शबानी, बासवर टॉमी मलांगा, आणि त्यांना येऊन मिळालेला गायक-गिटारवादक जॉन न्गेरेझा. गाण्यातला माणूस आपली काही चूक नाही असं कळवळून सांगतो आहे, पण ते गाणं तुमच्या डोक्यात घर करतं ते मलांगाच्या बासमुळे. तो सलग वाजत नाही. दोन-तीन स्वर टाकतो, थांबतो, आणि त्या थांबलेल्या जागेत शबानीची गिटार शिरते. वर लीड गिटार आपली वेगळी ओळ गुंफते. वेणीच्या पेडांसारख्या या ओळी एकमेकींवर टेकून उभ्या आहेत. एक ओढून काढलीत की बाकीच्या सैल पडतात. आता तुमची किक बघा: बास जिथे मुद्दाम गप्प बसतो, नेमकी तिथेच ती पडते. गाण्यातली हवा तुम्ही सिमेंटनं भरून टाकली.

काही कामाच्या गोष्टी इथेच सांगून टाकते. वाद्यं वेगळी करून देणारी हल्लीची सॉफ्टवेअर साधारणपणे गायन, ड्रम, बास आणि 'बाकी' अशी वाटणी करतात. या संगीतातल्या सगळ्या गिटार त्या 'बाकी'त एकत्र कोंबल्या जातात, आणि त्यांतलीच एखादी तुम्हाला हवी असते. जुनी रेकॉर्डिंग बरीचशी मोनो, त्यामुळे डावी-उजवी बाजू वापरून वेगळं करण्याचा जुना उपायही चालत नाही. म्हणून अख्खी गुंफण उचला आणि तुमच्या बाजूनं कमी वाजवा. दुसरं, तबकडीचा सूर तुमच्या कीबोर्डशी जुळणार नाही. गिटार कानानं लावलेल्या, त्यात टेपच्या गतीत आणि तबकडीच्या छपाईत फरक पडलेला. सॅम्पल (उचललेला तुकडा) ओढून कीबोर्डच्या सुरात आणलंत तर गिटारीची चमक जाते. कीबोर्डच तबकडीच्या सुरात लावा. तिसरं, हे बँड मेट्रोनोम लावून वाजवत नव्हते. गाणं वळल्यावर गती किंचित चढते आणि ती चढणं हाच त्यातला आनंद. प्रत्येक ठोका ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर) ठोकून बसवू नका. दर आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर खूण करा आणि मधलं मोकळं सोडा.

बेंगाच्या बाबतीत आणखी सांभाळावं लागतं. बेंगा ही व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ लोकांची शैली. त्यांच्याकडे न्यातिती नावाचं आठ तारांचं वाद्य आहे, त्याची बोटं गिटारीवर उतरली असं म्हणतात आणि ऐकताना ते पटतं. शिराती जॅझचे डी. ओ. मिसियानी किंवा व्हिक्टोरिया जॅझ ऐका. गती इतकी की रॅपर धापा टाकेल, म्हणून निर्माते ती निम्म्यावर मोजतात: गिटार पूर्ण वेगात, शब्द निम्म्या वेगात. हे नीट साधलं की अंगावर काटा येतो. पण सॅम्पलच संथ केलं तर बेंगा चिखलात रुतल्यासारखा होतो.

आता हे नवे अवतार घडले कसे, त्याकडे येते. या प्रदेशात गाणं पुन्हा बांधणं हिपहॉपनं आणलेलं नाही. साठच्या दशकातल्या नैरोबीत इक्वेटर साउंड हा स्टुडिओ होता. तिथे फधिली विल्यम, डाउदी कबाका, झांबियाहून आलेले नाशिल पिचेन आणि पीटर त्सोत्सी असे सगळे एकत्र वाजवायचे. कबाकाचं 'हेलुले हेलुले' १९६८ मध्ये ट्रेमेलोज या ब्रिटिश बँडनं गाऊन इंग्लंडात गाजवलं. 'मलाइका'ची कथा तुम्हाला ठाऊक असेल. फधिली विल्यमनं ते १९६० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलं, मिरियम मकेबानं जगभर नेलं, १९८१ मध्ये बोनी एमनंही गायलं. ते मुळात लिहिलं कोणी याचा वाद मात्र कधीच मिटला नाही; टांझानियाच्या अदम सलीमचं नाव त्यात वारंवार येतं. सुपर माझेंबे या बँडचं 'शौरी याको' सगळे त्यांचंच समजतात, पण ते आधी न्गुआशी न्तिंबो या गायकाचं. माझेंबेतले वादक झाईरचे, म्हणजे आजच्या काँगोचे, राहिले नैरोबीत, आणि गाणं स्वाहिलीत. तेव्हा शुद्ध मूळ शोधण्याच्या फंदात पडू नका. गाण्याचा प्रवास मात्र शोधा, पुढे हक्कांचा प्रश्न येईल तेव्हा तोच कामी येतो.

या प्रवासाचं एक टोक आपल्या मुंबईत आहे आणि ते फार थोड्या मराठी लोकांना माहीत असतं. झांझिबारची थोर ताराब (स्वाहिली किनाऱ्यावरचं अरबी वळणाचं संगीत) गायिका सिती बिंती साद आणि तिचे साथीदार १९२८ मध्ये बोटीनं मुंबईला आले आणि त्यांनी हिज मास्टर्स व्हॉइससाठी स्वाहिली गाणी ध्वनिमुद्रित केली. पूर्व आफ्रिकेच्या ध्वनिमुद्रित संगीतातलं हे अगदी सुरुवातीचं काम, आणि ते झालं आपल्या शहरात! पुढे मोंबासाच्या जुमा भालोनं हिंदी चित्रपटांच्या चालींवर ताराब गाऊन नाव कमावलं. केनियातल्या तबकड्यांच्या धंद्यातही भारतीय वंशाची घराणी होती: मोंबासात आसानंद, चहाच्या मळ्यांतल्या केरिचोत चांदाराणा. त्यांनी बेंगाच्या कितीतरी बँडांना स्टुडिओ आणि लेबल दिलं. या नात्याबद्दल अभिमान वाटतो, पण त्या काळी वादकाला बहुधा एकरकमी पैसे मिळत आणि नंतर काही नाही, हेही त्याच व्यवहाराचा भाग होतं. आज भारतातून कोणी ही गाणी उचलणार असेल तर त्यानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

टांझानियाची गोष्ट वेगळी. तिथे तबकड्या छापण्याचा कारखाना नव्हता. गायक एम्बाराका म्विन्शेहे आणि मारिजानी रजब, म्लिमानी पार्क हा बँड यांच्यासारख्यांची गाणी सरकारी रेडिओच्या स्टुडिओत, रेडिओ टांझानिया दार एस सलामसाठी ध्वनिमुद्रित व्हायची आणि प्रसारित व्हायची. तबकडी हवी असेल तर नैरोबी गाठावी लागे. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, दोन देशांमधली सीमा बंद झाली ती १९८३ पर्यंत. म्हणून त्या काळातल्या टांझानियन गाण्यांचा मोठा साठा टेपवर राहिला आणि रेडिओच्या कपाटांत अडकला. ऐकायला गेलात तर आवाजाचा पोत केनियन तबकड्यांहून निराळा लागेल: खोलीचा घुमार जास्त, बास कमी, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) लांबून येतो. सॅम्पल म्हणून हे अवघड आहे. मला मात्र तो दूरचा ब्रास फार आवडतो आणि त्यावर बोलणारा आवाज अगदी जवळ ठेवला की दोघांमध्ये सुंदर अंतर तयार होतं.

ऐंशीच्या दशकात नकली कॅसेटींनी तबकड्यांचा धंदा बसवला, बँड मोडले. नव्वदच्या दशकात हिपहॉप आला तेव्हा पोरांना घरची जुनी गाणी म्हणजे आईवडिलांचा रेडिओ वाटत होती. सुरुवातीचं स्वाहिली रॅप अमेरिकी बीटवरच उभं होतं. दार एस सलामच्या सालेह जे.नं व्हॅनिला आइस या अमेरिकी रॅपरच्या गाण्यावर स्वाहिली शब्द बसवले. नैरोबीत हार्डस्टोननं 'उहिकी'मध्ये अमेरिकी गायक मार्विन गेची चाल आणि केनियातल्या किकुयू लोकांचं लग्नगीत एकत्र आणलं, निर्माता टेड जोसाया. त्यातलं लग्नगीत हे मला पहिलं खरं वळण वाटतं. त्याच सुमाराला पॉक्सी प्रेशानं लुओ भाषेत रॅप केलं. मग बापाच्या बँडची आठवण असणारी मुलं आली. लाँगोंबाज ही भावांची जोडी घ्या: वडील लव्ही लाँगोंबा सुपर माझेंबेत गायचे, आजोबा विकी लाँगोंबा काँगोच्या ओके जॅझच्या संस्थापकांपैकी. दोन हजारनंतरच्या दशकात या भावांनी 'वुता पुम्झ' केलं तेव्हा त्यात सॅम्पल म्हणून काही शोधावं लागत नाही. आवाजांची ती एकमेकांवर चढण्याची पद्धत घरातून आलेली आहे.

चांगले अवतार कोणते, यावर माझं मत सरळ आहे. ज्या कामात जुन्या कलाकाराला खोलीत बोलावलं गेलं, ते बहुतेक वेळा जास्त टिकतं. म्वाना एफए हा टांझानियाचा रॅपर (पुढे खासदार आणि २०२३ मध्ये संस्कृती खात्याचा उपमंत्री झाला) 'कामा झमानी' करताना जुन्या किलिमंजारो बँडला घेऊन आला. तिथे जिवंत गिटार रॅपच्या ओळींना उत्तर देतात, एका ओळीत पुढे येतात, पुढच्या ओळीत हटतात. कापून लावलेल्या लूपला हे जमत नाही. झांझिबारच्या ऑफसाइड ट्रिक या गटानं 'अहमदा'मध्ये बी किदुदेला बोलावलं, सिती बिंती सादच्या परंपरेतली ती म्हातारी. पोरांच्या गुळगुळीत आवाजांमध्ये तिचा खरखरीत गळा आला की गाणं जमिनीवर येतं. त्यांनी तिचा आवाज यंत्रानं सरळ केला नाही, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे.

'सालोमे'बद्दल मतं वेगळी आहेत. सैदा करोली ही व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेकडची, हाया भाषेत गाणारी. तिचं 'मारिया सालोमे' २००१ चं. २०१६ मध्ये टांझानियाच्या डायमंड प्लॅट्नम्झ या गायकानं रेव्हॅनी या दुसऱ्या गायकाला घेऊन त्याचं नवं रूप केलं आणि ते सगळ्या आफ्रिकेत वाजलं. मूळ हाक ठेवली, शब्द बदलून स्वाहिली केले, ठेका क्लबचा केला. जुन्या ऐकणाऱ्यांना त्यात मूळ गाण्याचा मोकळेपणा सापडत नाही आणि ते मलाही पटतं. पण त्या गाण्यामुळे विस्मृतीत गेलेली करोली पुन्हा चर्चेत आली, तिनं नवी गाणी केली. मी तराजूत हे दुसरं जास्त जड धरते.

सगळ्यात दूर गेलेलं उदाहरण 'कोथबिरो'चं. सत्तरच्या दशकात नैरोबीत ब्लॅक सॅव्हेज नावाचा बँड होता. त्यातला तरुण जॉब सेडा पुढे अयुब ओगाडा या नावानं न्यातितीवादक म्हणून जगाला माहीत झाला. पाऊस येतोय, गुरं घरी आणा, इतकंच ते गाणं म्हणतं. ओगाडानं न्यातितीवर केलेलं त्याचं शांत रूप १९९३ च्या अल्बममध्ये आलं आणि २००५ मध्ये एका इंग्रजी चित्रपटात वाजलं. पण २०१८ मध्ये अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टनं 'याइक्स'साठी घेतलं ते बँडचं जुनं ध्वनिमुद्रण, आणि श्रेयनामावलीत जेम्स एम्बाराक अचियेंग, अयुब ओगाडा आणि ब्लॅक सॅव्हेज अशी नावं आली. पुढच्याच फेब्रुवारीत ओगाडा वारले. निर्मिती म्हणून 'याइक्स' ताकदीचं आहे: तो तुकडा गाण्याच्या मुळाशी ठेवला आहे, सजावट म्हणून वर चिकटवलेला नाही. माझी तक्रार एकच, पावसाचा आणि गुरांचा मागमूस नव्या गाण्यात नाही. तो असलाच पाहिजे असं नाही, पण तुम्ही करणार असाल तर गाणं काय म्हणतं आहे ते आधी कोणाकडून तरी समजून घ्या. दुःखाच्या गाण्यावर पार्टीचे शब्द बसवलेले ऐकले की स्वाहिली जाणणाऱ्या माणसाला ते लगेच खुपतं.

गाणी लोकांच्या तोंडी स्वतःहूनही परत येतात. सुपर माझेंबेच्या 'कासोंगो'त घर सोडून गेलेल्या नवऱ्याला बायको परत बोलावते. २०२४-२५ मध्ये केनियातल्या तरुणांनी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांना हेच नाव चिकटवलं आणि ते जुनं गाणं मोबाइलवर, मोर्च्यांत पुन्हा वाजू लागलं. ज्या पिढीनं तबकडी पाहिलीही नाही तिला त्याचे बोल पाठ आहेत.

आता हक्क. इथे घाईनं केलेलं काम अंगाशी येतं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: चाल आणि शब्दांचा, तसंच त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. केनियाच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते झालं त्या वर्षअखेरपासून ५० वर्षं चालतो. म्हणजे १९७० च्या तबकडीवरचा हक्क तिथे २०२० अखेर संपला. एवढं वाचून बरेच जण मोकळे होतात. पण चाल-शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं राहतो. डाउदी कबाका आणि फधिली विल्यम दोघेही २००१ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या रचना २०५१ अखेरपर्यंत सुरक्षित आहेत. शिवाय तुम्ही भारतात प्रकाशित करणार, तर इथला कायदा लागेल आणि इथे दोन्ही मुदती ६० वर्षांच्या आहेत. गाणं पुन्हा वाजवून घेतलंत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, रचनेचा सुटत नाही. तबकडीवर छापलेलं नाव रचनाकाराचंच असेल याची खात्री नाही; निर्मात्यांनी स्वतःची नावं घातलेली मी पाहिली आहेत. केनियात कॉपीराइट बोर्ड आहे, टांझानियात कॉपीराइट कार्यालय आहे, तिथे नोंद तपासा, आणि त्याच वेळी बँडच्या हयात वादकांना किंवा घरच्यांना गाठा. नैरोबीचे रेडिओ निवेदक आणि केन्याटा मार्केटातले तबकड्या विकणारे यांना कोण कुठे आहे हे ठाऊक असतं. लिहिताना विनंतीच्या सुरात, स्वाहिलीत लिहून घ्या, बीट आधी ऐकवा, आणि वाटा टक्क्यांत ठरवून कागदावर आणा. एकरकमी पैशावर भागवू नका, ते त्यांनी एकदा भोगलेलं आहे.

किकुयू गायक जोसेफ कमारू यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. ते २०१८ मध्ये वारले. त्यांचा त्याच नावाचा नातू केएमआरयू या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करतो आणि आजोबांच्या तबकड्या स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित करतो. अशा ठिकाणी कोणाला विचारायचं हे स्पष्ट असतं आणि आवाजही मूळ प्रतीवरून मिळतो. सुरुवात तिथून करणं सोपं जाईल.

तुमच्या बीटचं म्हणाल तर टाकून देऊ नका. सुरुवातीचा तुकडा काढा, गाणं वळल्यानंतरची आठ आवर्तनं घ्या, किक मलांगाच्या विश्रांतींतून बाहेर काढून त्याच्या स्वरांवर ठेवा, आणि स्नेअर (ड्रमचा कडक, तीक्ष्ण ठोका) इतका हलका करा की काँगा (हातानं वाजवायचे उंच ढोल) ऐकू येतील. रॅपच्या ओळी लीड गिटार श्वास घेते तिथे संपू द्या. मग पुन्हा पाठवा. तोवर गॅब्रिएल ओमोलोचं 'लंचटाइम' ऐकून ठेवा: शहरात दुपारी कोण जेवायला जातं आणि कोण बागेत झोपून भूक मारतं, याचं ते गाणं आहे, आणि मराठीत रॅप करणाऱ्याला त्यात लिहिण्यासारखं पुष्कळ सापडेल.